मनोविश्लेषणात्मक चित्रपटाची निवड : एक ऐतिहासिक टिपण

पदविकेसाठी लघुपट करावयाचा असला म्हणजे विद्यार्थी पुष्कळदा मनोविश्लेषणात्मक नाट्याकडे वळतात. दोन पात्रे, बोरिवली वा मुलुंड येथील दोन खोल्यांचे एखादे घर आणि दोन-तीन रात्री एवढ्या सामग्रीवर असा चित्रपट उभा राहील, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब खोटा नव्हे; परंतु तो अपुरा आहे, हे या प्रकाराचा पूर्वेतिहास पाहिल्यास ध्यानी येते.

जर्मनीत १९२६ साली पाब्स्ट यांनी मनोविश्लेषणावर चित्रपट केला, तेव्हा फ्रॉइड यांचे सहकारी कार्ल अब्राहम व हान्स साक्स यांनी त्यास साहाय्य दिले. स्वतः फ्रॉइड मात्र अलिप्त राहिले. आपल्या अमूर्त सिद्धान्तांना समाधानकारक दृश्यरूप देता येईल, यावर त्यांचा विश्वास नव्हता. विद्यार्थ्यापुढील खरी अडचण तीच आहे.

तिचे एक उत्तर पुण्यात मिळाले. प्रभातच्या ‘कुंकू’मध्ये (१९३७) शांतारामबापूंनी वृद्ध वराच्या मनातील अपराधभाव घड्याळासारख्या घरगुती वस्तूशी जोडला आणि पार्श्वसंगीत वर्ज्य करून नित्याच्या आवाजांनाच बोलके केले. १९६० साली चित्रपटशिक्षणाची शासकीय संस्था याच प्रभातच्या वास्तूत सुरू झाली, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो.

दुसरे उत्तर मुंबईच्या उपनगरात सापडते. हिमांशु राय व देविकाराणी यांनी १९३४ साली मालाड येथे बॉम्बे टॉकीज स्थापिली. दोघांनाही बर्लिनच्या चित्रसृष्टीचा परिचय होता व त्यांचे छायालेखक योसेफ विर्शिंग हे जर्मनच होते. त्याच संस्थेच्या ‘महल’मध्ये (१९४९) कमाल अमरोही यांनी नायकाचा भ्रम छायाप्रकाशातून उभा केला. ते भूत नसून माळ्याची मुलगी आहे, हे शेवटी कळते. पण तोवर नायकाच्या मनाचा तोल गेलेला असतो. ही किमया मात्र सुसज्ज स्टुडिओवर अवलंबून होती.

तिसरे उत्तर अंधेरीचे. बॉम्बे टॉकीजसाठी ‘माँ’ (१९५२) दिग्दर्शित करण्यास आलेले बिमल रॉय पुढे मोहन स्टुडिओतून स्वतःची संस्था चालवीत. त्यांच्या ‘बंदिनी’त (१९६३) कल्याणी विष देण्याचा निश्चय करते, त्या क्षणी ती काहीच बोलत नाही. बाहेर चाललेल्या लोहकामाचे ठोके आणि ठिणग्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावर आदळत राहतो, आणि प्रेक्षकास सर्व उमगते.

येथे एक भेद केला पाहिजे. मालाडची रीत विद्यार्थ्यास परवडणार नाही; प्रभातची व अंधेरीची परवडेल. घड्याळ आणि हातोड्याचा ठोका यांना खर्च फारसा नाही, परंतु ते शोधण्यास निरीक्षण लागते. ते नसले म्हणजे पात्र खिडकीबाहेर पाहत राहते, निवेदक त्याचे दुःख सांगतो, आणि मनोव्यापार दिसण्याऐवजी केवळ ऐकावा लागतो. शिवाय एखाद्या मनोविकाराचा वापर निव्वळ धक्कादायक शेवटासाठी झाला, तर तो विकार भोगणाऱ्या माणसावर अन्याय होतो, तो निराळाच.

म्हणून निवडीपूर्वी विद्यार्थ्याने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : माझ्या पात्राच्या मनातील घटना त्याच्या घरातील कोणत्या वस्तूत दिसते, कोणत्या आवाजात ऐकू येते? शेजारच्या रुळांवरून जाणारी लोकलही उत्तर ठरू शकेल. उत्तर सापडले, तर दोन खोल्या पुरेशा आहेत. न सापडले, तर स्टुडिओही अपुराच पडेल.