विसरण्याचं वेळापत्रक

पाठांतर म्हटलं की आपल्याकडे हल्ली नाक मुरडतात. घोकंपट्टी, पोपटपंची... शब्दच बघा ना! पण माझी भाची वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला गेली तेव्हापासून तिच्या फोनवर 'अंकी' नावाचं ॲप सतत उघडं असतं. (नाव ऐकून मला आधी अंकलिपीच आठवली. खरं तर हा जपानी शब्द, अर्थ पाठांतर!) त्याची वंशावळ शोधायला बसलो आणि रात्रीचे दोन वाजले.

मूळपुरुष जर्मन, हर्मन एबिंगहाऊस. या गृहस्थाने सुमारे २३०० अर्थहीन अक्षरजुळण्या तयार केल्या, त्यांच्या याद्या पाठ केल्या, आणि काही वेळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजलं. प्रयोग करणारा तोच आणि प्रयोगातला उंदीरही तोच! १८८५ साली पुस्तक काढलं. वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसाने ३४, महिन्याने २१. म्हणजे विसरणं सुरुवातीलाच धडाधड होतं, मग मंदावतं. आणखी एक गंमत त्याने नोंदवलीय. आदल्या एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधलं, ते तीन दिवसांत वाटून ३८ वेळांत साधलं.

पुढे १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने खणांची पेटी सुचवली. कार्डाचं उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या खणात, चुकलं की मुकाट्याने पहिल्या. पुढचे खण कमी वेळा उघडायचे. साधा पुठ्ठा, बाकी काही नाही.

मग पोलंडचा प्योत्र वोझ्नियाक. विद्यार्थी असताना, १९८५ मध्ये, त्याने कागदावर स्वतःवरच हिशेब सुरू केले आणि १९८७ साली डॉसवर चालणारा 'सुपरमेमो' लिहिला. त्याचं गणित असं: पहिली उजळणी एका दिवसाने, दुसरी सहा दिवसांनी, पुढे दर वेळी अंतर साधारण अडीचपट, म्हणजे पंधरा, मग अडतीस. कार्ड अवघड वाटलं की हा गुणक घटतो, पण १.३ च्या खाली जात नाही. २००६ मध्ये डेमियन एल्म्सने 'अंकी' आणलं ते याच गणितावर बेतून.

आता आमच्या घरातला वाद. भाची म्हणते, "मामा, तयार कार्डं मिळतात, कशाला लिहीत बसू?" हजारो कार्डं एका फटक्यात उतरवून घेतली, आणि आठवड्याने रोजची उजळणी तीनशेच्या वर गेली. रडकुंडीला आली बिचारी. माझं मत असं की ॲप फक्त केव्हा विचारायचं ते ठरवतं. काय विचारायचं ते तुम्ही ठरवायला हवं, आणि न समजलेलं कार्ड वेळेवर विचारलं म्हणून काही समजत नाही.

बाकी आजीच्या परवचाला हे गणित ठाऊक नव्हतं. बे एके बे येत असलं तरी रोज म्हणायचंच, दिवेलागणीला, सगळ्या चुलतभावंडांनी एका सुरात. श्रम वाया जात असणार, एबिंगहाऊसच्या हिशेबाने तर नक्कीच. पण तिथे कुणी अडखळलं की शेजारचा हळूच पुढचा आकडा सांगायचा. फोनमध्ये ती सोय अजून दिसली नाही.

भाचीने गेल्या रविवारी निम्मी कार्डं उडवली आणि हातांच्या हाडांची नवी स्वतः लिहायला घेतलीत. चाळीस झालीत म्हणे.