बैलांनी ओढलेली आगगाडी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मंडळातल्या मुलांना घेऊन आम्ही प्रतापनगरच्या रेल्वे वारसा उद्यानात गेलो होतो. नॅरोगेजच्या इंजिनापुढे फोटो काढून झाले. तेवढ्यात दुसरीतल्या एका चिमुरडीने विचारले, "पण बैल कुठे बांधायचे?" येताना बसमध्ये तिला डभोईच्या गाडीची गोष्ट सांगितली होती, ती तिने अगदी मनावर घेतली होती.

गोष्ट खरीच आहे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि त्यानंतर नऊच वर्षांनी, १८६२ मध्ये, खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम असा स्वतःच्या संस्थानाचा लोहमार्ग सुरू केला. देशातला हा पहिला नॅरोगेज मार्ग, आणि एखाद्या संस्थानिकाने घातलेलाही पहिलाच. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिथला कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्याकडे वळली. डभोईच्या आसपास कापूस भरपूर, आणि मियागाम मुंबईच्या मोठ्या लाइनवर. मधल्या तेहतीस किलोमीटरचीच काय ती अडचण होती, कारण पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेले गाडे हलत नसत.

मोठ्या लाइनचे रूळ साडेपाच फुटांवर, हे अडीच फुटांवर. खर्च कमी, पण रूळही तसेच हलके. ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिने १८६३ मध्ये आली खरी, मात्र त्यांचे वजन या रुळांना पेलण्याजोगे नव्हते. मग डबे ओढायला बैल जुंपले. याला कोणी फजिती म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. रुळावर चाकाला अडथळा कमी, त्यामुळे चिखलात एक गाडा जेमतेम ओढणारी जोडी इथे कितीतरी जास्त माल नेत असे. पुढे १८७३ मध्ये भक्कम रूळ घालून मार्ग नव्याने सुरू झाला, इंजिने हळूहळू रुळली आणि सयाजीरावांच्या काळात डभोईहून चहूकडे फाटे फुटले. १९१९ मध्ये गोयागेटला, म्हणजे आजच्या प्रतापनगरला, कारखान्याची पायाभरणी झाली. त्याआधी, १९१३ मध्ये, डांगच्या जंगलातले सागवान उतरवायला बिलिमोरा–वघई लाइन झाली होती. १९४९ मध्ये हा सगळा पसारा बी.बी. अँड सी.आय. रेल्वेत विलीन झाला.

आता ब्रॉडगेजचा काळ आहे. चांदोदला जाणारी छोटी गाडी गेली आणि त्या वाटेने केवडियापर्यंत मोठी गाडी जाते. त्याबद्दल आमची तक्रार नाही; तासन्‌तास त्या बाकांवर बसून कंबर मोडून घेतलेले आम्हीच आहोत. गुजरातमधल्या पाच छोट्या लाइनी, मिळून २०४ किलोमीटर, वारसा म्हणून राखायचे रेल्वेने ठरवले. त्यांत डभोई–मियागामही होती.

रूळ आणि इंजिने सरकार राखील. पण ही रेल्वे चालवणाऱ्या माणसांचे काय? तिथे कारकून, फिटर, स्टेशनमास्तर म्हणून आपल्या दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या कितीतरी घरांतली माणसे होती. आमच्याच एका सभासदाच्या आजोबांचा जी.बी.एस.आर. अशी अक्षरे कोरलेला पितळी बिल्ला वाडा पाडताना जुन्या भांड्यांबरोबर मोडीत गेला. वजन करून पैसे मिळाले. काय गेले ते महिन्याभराने लक्षात आले. दुसऱ्या एका घरात रेल्वेचा हातकंदील आहे. त्यात सध्या तुळशीजवळ लावायचा बल्ब बसवलाय!

मोतीबागेत राजवाड्यातल्या मुलांना शाळेत नेणारी छोटी आगगाडी होती. तिचे इंजिन फत्तेसिंह संग्रहालयात पाहायला मिळते. राजघराण्याचे खेळणे टिकले, फिटरचा पाना मात्र टिकला नाही. तो टिकवायचा तर आपल्याच माळ्यावर चढावे लागेल.

म्हणून यंदा मांडवाच्या उजव्या अंगाला एक टेबल मांडले आहे. बिल्ला, पास, पगाराची चिठ्ठी, गणवेशातला फोटो, जे असेल ते आणा. आम्ही छायाचित्र घेऊ, कोणाचे आणि कोणत्या कामाचे ते लिहून घेऊ, आणि वस्तू तुमची तुम्हाला परत देऊ. आजवर तीन वस्तू आल्या आहेत. त्यांतला एक तो कंदील. बल्ब काढून आणलाय.