मिठाला पाणी सुटूं नये म्हणून

गोंदिया जिल्ह्यांतील चोरखमारा हें गांव नागझिऱ्याच्या अरण्याच्या कडेस वसलें आहे. तळें, धानाच्या बांध्या आणि रान यांची तेथें वाण नाहीं. वाण आहे ती मिठाची. पूर्वेचा समुद्र घ्या कीं पश्चिमेचा, दोन्ही शेकडों मैल दूर. या मुलखांत मीठ पूर्वीं लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून येई; 'लमाण' हा शब्दच 'लवण' यापासून निघाला असें कित्येक पंडित मानतात. मुंबईचा लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला, १८८० नंतर तेथून छत्तीसगडच्या दिशेनें रूळ पडले, आणि मिठाची गोणी बैलावरून उतरून वाघिणींत चढली. पण बैल असो कीं वाघीण, पावसाळ्यांत मिठाला पाणी सुटे आणि उन्हें पडतांच त्याचा दगड होई. आज मात्र भर श्रावणांतहि पिशवींतलें मीठ वाळूसारखें मोकळें असतें.

या पाणी सुटण्याचा दोष सर्वस्वीं मिठाकडे नाहीं. हवेंतील आर्द्रता शेंकडा सुमारें पंचाहत्तरांवर गेल्याखेरीज शुद्ध मीठ ओलावा ओढीत नाहीं. मिठागरांत मीठ धरल्यावर जें कडू पाणी मागें राहतें त्यांतील मॅग्नेशियम क्लोराइड मात्र याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेंतहि भिजतें. तें कडू पाणी नीट निथळलें नाहीं, तर मिठाबरोबर हा ओलाव्याचा लोभी सोबतीहि घरीं येतो. ओलाव्यानें प्रत्येक कणाचा पृष्ठभाग किंचित् विरघळतो. हवा कोरडी होतांच तें खारें पाणी आटतें आणि दोन कणांमध्यें मिठाचाच सांधा बसतो. असे लक्षावधि सांधे म्हणजे गुठळी.

आमच्या आज्या-पणज्यांना हें शास्त्र ठाऊक नसलें तरी उपाय ठाऊक होता. मीठ चुलीच्या उबेस ठेवावें, धातूच्या भांड्याऐवजीं चिनी मातीच्या सटांत किंवा मडक्यांत ठेवावें, त्यांत तांदुळाचे चार दाणे टाकावे, आणि लागेल तसें खडेमीठ कुटून घ्यावें. अर्थात् ही सारी मेहनत घरच्या बायकांची. ती कोणी हिशेबांत धरली नाहीं. कारखान्यानें बारीक मीठ विकावयास घेतलें तेव्हां ही मेहनत त्याला स्वतःकडे घेणें भाग पडलें, कारण कण जितका बारीक तितके सांधे अधिक. अमेरिकेंत मॉर्टन कंपनीनें १९११ सालीं मिठांत मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळण्यास प्रारंभ केला, आणि १९१४ पासून भर पावसांत छत्री घेऊन मीठ सांडीत चाललेली मुलगी तिच्या जाहिरातींत झळकूं लागली. तांदुळाच्या दाण्यांचेंच काम ही पूड करीत होती.

आमच्या देशांत या मोकळ्या मिठाला आणखी एक कारण जोडलें गेलें, तें गलगंडाचें. कांगडा खोऱ्यांत १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनीं आयोडीनयुक्त मिठाचा जो प्रयोग केला, त्यांत तें मीठ खाणाऱ्या भागांतील गलगंड स्पष्टपणें ओसरला. १९६२ सालीं गलगंड-नियंत्रणाची राष्ट्रीय योजना निघाली, आणि २००६ च्या मे महिन्यापासून खाण्यासाठीं आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर मनाई झाली. मीठ ओलें झालें कीं आयोडीन पाण्याबरोबर गोणीच्या तळाशीं उतरतें. वरचें मीठ खाणाराच्या वांट्यास तें येतच नाहीं. समुद्रापासून दूरच्या गांवीं पोंचेपर्यंत मीठ कोरडें राहणें ही केवळ स्वयंपाकघराची सोय नव्हे, ती मुलांच्या वाढीची बाब आहे.

आतां लोकांच्या धास्तीविषयीं. पिशवीवर '५३६' हा आंकडा असतो. तो पोटॅशियम फेरोसायनाइडचा. नांवांतील 'सायनाइड' ऐकून सुशिक्षित मंडळीहि दचकतात. परंतु या द्रव्यांत तो विषारी अंश लोहाशीं इतका घट्ट जखडलेला असतो कीं पोटांत तो सुटून येत नाहीं, आणि किलोभर मिठांत त्याचें प्रमाण कांहीं मिलिग्रामांपलीकडे जाऊं देत नाहींत. एवढ्यानेंहि तें स्फटिकांची वाढ वेडीवांकडी करून सांधा ठिसूळ करतें. '५५१' म्हणजे सिलिका, वाळूचीच अतिसूक्ष्म भावंड. ती ओलावा शोषते आणि कणाकणांत अंतर राखते.

ज्याबद्दल खरी तक्रार करावी तें लोकांच्या ध्यानींहि येत नाहीं. बाजारच्या पिठीसाखरेंत याच कामासाठीं मक्याचें पीठ घालतात. तें निरुपद्रवी खरें, पण तें साखरेच्या भावानें विकलें जातें. घरीं दळलेली साखर पाण्यांत टाकली तर पाणी निवळ राहतें. बाजारची टाकली तर गढुळतें, आणि कांहीं वेळानें पांढरा साका तळाशीं बसतो. त्या पिठाचें प्रमाण पुडीवर ठळक अक्षरांत, मराठींत, कां छापूं नये हें आम्हांस आजवर उमगलेलें नाहीं.