अंतरपाटापुढची फ्लॅशगन

शेवटचं ‘सावधान’ होतं, अंतरपाट दूर होतो, वधूवर एकमेकांना हार घालतात आणि अक्षता उडतात. हे सगळं काही सेकंदांत उरकतं. फिल्मच्या काळात फोटोग्राफरची सारी भिस्त त्या क्षणी हातातल्या फ्लॅशगनवर असायची. मी पुण्यातल्या एका स्टुडिओत मदतनीस म्हणून लागलो आणि पुढे याच गन दुरुस्त करायला बसलो. आयुष्यभर त्या उघडून पाहिल्यावर माझं ठाम मत झालंय : या यंत्राचा इतिहास म्हणजे उजेड आणि शटर यांची गाठ घालण्याची धडपड आहे. ती गाठ चुकते तेव्हा दोष बहुधा एखाद्या तुटक्या तारेचा किंवा मळलेल्या पत्रीचा निघतो.

अगदी सुरुवातीला गाठ घालायची गरजच नव्हती. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीटे आणि योहानेस गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमची पूड, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड मिसळून झटक्यात पेटणारी भुकटी केली. अंधारात लेन्स उघडायची, भुकटी पेटवायची, लेन्स झाकायची. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांमधल्या काळोख्या खोल्या पत्रकार जेकब रीस यांनी याच उजेडात जगाला दाखवल्या. पण ही भुकटी म्हणजे दारूगोळाच. तिने माणसं भाजली, काही फोटोग्राफर जिवानिशी गेले, आणि एका फोटोनंतर खोलीत इतका धूर व्हायचा की दुसरा लगेच घेता येत नसे. म्हणून स्टुडिओवाले शक्यतो काचेच्या छपराखाली, उत्तरेच्या उजेडातच काम करत.

१९२९ मध्ये जर्मनीत फ्लॅशबल्ब विक्रीला आला. काचेच्या फुग्यात ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख आणि प्राणवायू. धूर गेला, पण बल्ब एकदाच पेटायचा आणि पूर्ण उजेडावर यायला सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग घ्यायचा. तेवढा वेळ शटरला थांबवण्यासाठी कॅमेऱ्यात वेगळी सोय करावी लागली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांच्या पिढीतले वृत्तछायाचित्रकार या बल्बांवर काम करत. बल्ब बसवण्याआधी त्याच्या बुडाला जीभ लावायची सवय जगभरच्या फोटोग्राफरांना होती, कारण ओलाव्याने संपर्क चांगला होतो. गाठ बुडाशीच चुकते, हे त्यांनाही अनुभवाने कळलेलं होतं.

खरा पालट अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास घडवला. कंडेन्सरमध्ये वीज साठवायची आणि वायू भरलेल्या काचेच्या नळीतून ती एकदम सोडायची. आजच्या गनमध्येही तेच चालतं. कंडेन्सर तीनशेच्या आसपास व्होल्टपर्यंत भरतो, ट्रिगरचा काही हजार व्होल्टचा झटका नळीतल्या झेनॉनला वाट करून देतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहून लवकर सगळं संपतं. आता उजेडाची वाट पाहायला नको. उलट, उजेड पडेल तेव्हा शटर पूर्ण उघडं पाहिजे. शटर पूर्ण उघडण्याची ही मर्यादा पेंटॅक्स के १००० या कॅमेऱ्यावर १/६० सेकंदाची. शटरच्या वेगाचं चाक चुकून १/२५० वर राहिलं, तर फोटोचा बराच भाग काळा. हे रोल धुतल्यावरच कळायचं.

लग्नाच्या धंद्याला खरा हात दिला तो थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक स्विचने. आधीच्या ऑटो गन पुरेसा उजेड पडला की उरलेली वीज आतल्या आत उडवून टाकत. थायरिस्टर वीजच तोडतो, त्यामुळे उरलेली कंडेन्सरमध्ये राहते. पेन्सिल सेल जास्त चालू लागले आणि दोन फोटोंमधलं थांबणं कमी झालं. त्या काळातली व्हिव्हिटार २८३ मी कितीतरी उघडल्या आहेत. १०० एएसएच्या फिल्मला तिचा गाइड नंबर फुटांत १२० होता, म्हणजे पंधरा फुटांवर एफ ८. हा भागाकार आमच्या मालकांना तोंडपाठ होता. मुहूर्ताआधी ते सेल नवे घालत आणि मला बजावत, “दिवा लागला म्हणून दाबू नकोस, गन भरतानाची शिट्टी बारीक होऊ दे.” बरोबरच होतं ते. पुष्कळ गनमध्ये लाल दिवा कंडेन्सर पूर्ण भरायच्या आधीच लागतो. घाई केली की फोटो अंधारा.

मांडवात आणखी पंचाईत असे. छतावरून उजेड परतवावा, तर लाल-पिवळ्या कापडाचा रंग नवरीच्या चेहऱ्यावर चढणार. सरळ मारावा, तर पुढच्या रांगेतले मामा पांढरेफटक आणि मागचे पाहुणे काळोखात, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. जुन्या अल्बममधले ग्रुप फोटो पाहा, सगळ्यांत हेच दिसेल.

दुरुस्तीला येणाऱ्या गनपैकी बऱ्याच मुळात बिघडलेल्याच नसत. टेस्ट बटण दाबून उडतेय आणि कॅमेऱ्यावर उडत नाही, तर आधी सिंक कॉर्ड, म्हणजे गन कॅमेऱ्याला जोडणारी तार, बदलून पाहायची. पिनेजवळ ती आतून तुटते, वरून शाबूत दिसते. मग कॅमेऱ्यावर गन बसते त्या हॉट शूची पत्री आणि सेलची टोकं खोडरबराने पुसायची. सेल गळून क्षार चढला असेल तर तो आधी काढायचा. एवढं करून भागलं नाही, तरच सुटे भाग शोधायला पुण्यातली तापकीर गल्ली.

ऑलिंपस ओएम-२ ने १९७५ मध्ये फिल्मवरून परतणारा उजेड मोजून फ्लॅश तोडायला सुरुवात केली, आणि तिथून गणित कॅमेऱ्याकडे गेलं. त्या वाटेवर एक धोका मात्र मागे राहिला. जुन्या गनचं ट्रिगर व्होल्टेज थेट कॅमेऱ्याच्या संपर्कावर येतं. काही जुन्या व्हिव्हिटारवर ते २०० व्होल्टच्याही वर भरतं. नुसत्या धातूच्या पत्रीच्या कॅमेऱ्याला ते चालत होतं, डिजिटलचं सर्किट त्याने जळू शकतं.

घरात वडिलांची किंवा आजोबांची गन असेल, तर भंगारात घालू नका. ठेवताना सेल काढून ठेवा. महिन्यातून एकदा सेल घालून ती पूर्ण भरा, थोडी थांबा आणि चार-पाचदा उडवा. पडून राहिलेल्या कंडेन्सरमधला ऑक्साइडचा थर क्षीण होतो, वापराने तो पुन्हा धरतो. घरी मात्र ती उघडू नका, सेल काढल्यावरही आतला झटका जीवघेणा ठरू शकतो. आणि नव्या कॅमेऱ्यावर चढवण्याआधी जाणकाराकडून ट्रिगर व्होल्टेज मोजून घ्या.