नगरातला उपाश्रय : जुन्नरच्या भिक्षुणी कोठे राहत होत्या?

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्रीच्या ज्या लेण्यात आज गिरिजात्मजाचे दर्शन होते, तो मुळात २० खोल्यांचा बौद्ध विहार. हे सारे पाहताना एक प्रश्न क्वचितच विचारला जातो : संघातल्या स्त्रिया कोठे राहत होत्या?

याचा धागा जुन्नरच्याच एका दानलेखात सापडतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या प्राकृत लेखात लेणे आणि पाण्याचे टाके (‘पोढी’) यांच्या दानासोबत धर्मोत्तरीय पंथाच्या भिक्षुणी-उपाश्रयाचा उल्लेख येतो. हा उपाश्रय डोंगरात नव्हता. तो नगरात होता.

नगरातच का? धर्मोत्तरीयांचा स्वतःचा विनय आज उपलब्ध नाही. मात्र पाली विनयात याचे कारण स्पष्ट दिले आहे. अरण्यात राहणाऱ्या भिक्षुणींवर गुंडांनी अत्याचार केले, म्हणून भिक्षुणीने अरण्यात राहू नये असा नियम झाला. एकटीने दुसऱ्या गावी जाणे, एकटीने नदी ओलांडणे, रात्री एकटीने बाहेर राहणे हेही निषिद्ध ठरले. गुन्हा पुरुषांचा, बंधन मात्र स्त्रियांच्या वावरावर. आज खोली भाड्याने घेणाऱ्या मुलीला ‘रात्री दहाच्या आत’ असे बजावले जाते, त्या वाक्याचे वय बरेच मोठे आहे.

नगरात राहायचे म्हणजे कोणाच्या तरी जागेत राहायचे, आणि तिथे घरमालकाचा प्रश्न उभा राहतो. पाली विनयातली श्रावस्तीची एक कथा या बाबतीत विलक्षण आहे.

एका उपासकाने भिक्षुणीसंघाला आपले कोठार (‘उद्दोसित’) राहण्यासाठी दिले. तो वारला. दोन मुलांत वाटणी झाली आणि कोठार नेमके अश्रद्ध मुलाच्या वाट्याला आले. त्याने येऊन भिक्षुणींना सांगितले, जागा आमची आहे, निघा. थुल्लनंदा नावाची भिक्षुणी ठामपणे म्हणाली, तुमच्या वडिलांनी ती संघाला दिली आहे. प्रकरण न्यायाधिकाऱ्यांपुढे गेले. दान दिल्याचे कोणाला ठाऊक आहे, असे त्यांनी विचारले. तिचा प्रतिप्रश्न होता : साक्षीदार उभा करून दान देणारा तुम्ही कधी पाहिला आहे का? निकाल भिक्षुणींच्या बाजूने लागला.

लेखी करार नसलेली भाडेकरू कशी अडचणीत येते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा प्रसंग परका वाटणार नाही.

पुढचा भाग अधिक गंभीर आहे. हरलेल्या मुलाने भिक्षुणींना वेश्या म्हणून शिवीगाळ केली. थुल्लनंदेने तक्रार केली. त्याला दंड झाला. तेव्हा त्याने उपाश्रयाशेजारीच आजीवक साधूंसाठी निवास उभारला आणि भिक्षुणींना त्रास देण्यास त्यांना चिथावले. बाहेर काढता येत नाही, तर राहणे असह्य करायचे! तिने पुन्हा तक्रार केली आणि तो कैदेत गेला.

लोक मात्र भिक्षुणींवरच संतापले. आधी कोठार घेतले, मग दंड करवला, मग तुरुंगात टाकले. आता मारून टाकतील, अशी कुजबुज सुरू झाली. परिणामी भिक्षुणींनी गृहस्थांविरुद्ध खटला करण्यास मनाई झाली, आणि तीही संघादिसेस या वर्गात, म्हणजे संघातून कायमचे घालवणाऱ्या अपराधांच्या खालोखाल. विनयकारांनी थुल्लनंदा इतरत्रही भांडखोर रंगवली आहे. या कथेत तरी तिचे म्हणणे चुकीचे होते, असे दिसत नाही.

याचा अर्थ भिक्षुणी केवळ आश्रित होत्या असा नव्हे. रायगड जिल्ह्यातील कुडे येथील लेखात पदुमणिका नावाच्या प्रव्रजितेने लेणे दान केल्याची नोंद आहे. संन्यासिनीच्या नावाने खडकात जागा कोरली जाऊ शकत होती.

खटल्याच्या त्या नियमाला विनयातच काही अपवाद जोडलेले आहेत आणि ते मुळातून पाहण्यासारखे आहेत. लोकांनी ओढत नेल्यामुळे न्यायसभेत गेलेल्या भिक्षुणीला दोष नाही. कोणाचे नाव न घेता घडलेला प्रकार सांगणारीला दोष नाही. आणि जी ‘आरक्षा’, म्हणजे संरक्षण मागते, तिलाही दोष नाही.