समईत तेल घालणारी ती बाई

गेल्या पावसाळ्यात पिंपळगाव बसवंत येथील एका कुटुंबात सायंप्रार्थनेसाठी आम्ही गेलो होतो. प्रार्थना आटोपली, चहा झाला आणि आजीबाईंच्या आग्रहावरून नातवाने ‘स्वामी’ ही जुनी मालिका लावली. रणजित देसाई यांच्या कादंबरीवरील ही मालिका गजानन जागीरदारांनी दिग्दर्शित केली होती. १९८७ च्या सुमारास ती दूरदर्शनवर आली तेव्हा आम्ही तारुण्याच्या उंबरठ्यावर होतो. रवींद्र मंकणींचे माधवराव आणि मृणाल देव यांच्या रमाबाई यांनी त्या काळी घराघरांतील माणसांना रडविले होते.

मालिका रंगात आली असता घरातील धाकट्या मुलीने विचारले, “फादर, पेशवे कळले, रमाबाई कळल्या. समईत तेल घालून गेली ती बाई कोण?”

“दासी असेल, बाळ.”

“तिचं नाव काय?”

यावर आम्ही गप्प राहिलो. त्या प्रश्नाने आम्हांला पुन्हा इतिहासाच्या पुस्तकांकडे वळविले.

शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० मध्ये झाली आणि दोन वर्षांनी वास्तुशांत. पुढील काळात तेथे जो प्रचंड संसार थाटला गेला तो चालविणारे हात धन्यांचे नव्हते. पाणके, आचारी, फरास, मशालजी, हुजरे, खिजमतगार, भालदार, चोपदार अशी माणसे पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत तेथे राबत. त्यांना निदान पगार तरी होता. त्यांच्याही खाली होत्या त्या कुणबिणी. हा शब्द वाचताच आजच्या वाचकास कुणबी समाजातील स्त्री डोळ्यांसमोर येईल. पेशवाईच्या कागदांत मात्र त्याचा अर्थ गुलाम स्त्री असा आहे. कोणी मोहिमेत धरून आणलेली, कोणी दुष्काळात पोटासाठी विकली गेलेली, तर कोणी बदकर्माचा आरोप सिद्ध झाला म्हणून सरकारनेच गुलाम केलेली. कोठीत धान्य कांडणे-दळणे, गोठ्यातील शेण काढणे, पागेत घोड्यांची व्यवस्था ठेवणे ही त्यांची कामे. त्यांची खरेदी-विक्री होई आणि त्या बक्षीसही दिल्या जात. क्वचित एखादीला वृद्धत्वामुळे मोकळीक मिळे. दप्तरात अशा स्त्रीचे नाव सापडलेच तर ते बहुधा तिच्या किमतीच्या शेजारी सापडते.

‘स्वामी’चे कथानक १७७२ च्या नोव्हेंबरात माधवरावांच्या मृत्यूपाशी, थेऊर येथे, संपते. पुढे अवघ्या नऊ महिन्यांनी जे घडले त्यात मात्र नोकर पडद्याच्या कडेला उभे राहिले नाहीत. ३० ऑगस्ट १७७३ चा तो दिवस. गणेशोत्सव चालू होता. थकलेल्या पगाराचा तगादा लावीत सुमेरसिंग आणि त्याचे गारदी वाड्यात घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव जीव घेऊन पळाले ते थेट चुलत्याच्या दालनात, आणि रघुनाथरावांना त्यांनी मिठी मारली. तुळाजी पवार या रघुनाथरावांच्या नोकराने त्यांना ओढून काढले. चापाजी टिळेकर नावाच्या दुसऱ्या एका नोकराने धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिले. गारद्यांनी दोघांनाही कापले. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी दिलेल्या मृतांच्या गणतीत ब्राह्मण कारभारी-सेवक आहेत, दोन मराठा नोकर आहेत आणि दोन दासीही आहेत.

‘ध चा मा’ केल्याची आख्यायिका आपण सारे शाळेत ऐकतो. त्या दोन दासींची गोष्ट आम्हांला कोणत्याही गुरुजींनी सांगितली नाही. न्यायाची वाटणीही पाहण्यासारखी आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनी निर्भयपणे रघुनाथरावांना दोषी ठरविले. तथापि त्यांना देहान्त शिक्षा देणारा कोणी निघाला नाही आणि १७८३ मध्ये कोपरगावी त्यांना नैसर्गिक मरण आले. तुळाजी मात्र पुढे हाती लागला आणि हालहाल करून मारला गेला. एकाच गुन्ह्यात धनी आणि नोकर यांचे भोग असे वेगळे निघाले.

रघुनाथरावांनी नाशिकजवळील चौंधस गावी वाडा बांधला आणि पत्नीच्या नावावरून गावास आनंदवल्ली म्हटले. तेथून काही मैलांवरच शरणपूर आहे. १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची मान्यता काढून घेतल्यानंतर, १८५४ मध्ये आमच्या प्रोटेस्टंट बंधूंच्या चर्च मिशनरी सोसायटीने ही वसाहत वसविली. समुद्रावर गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकी मुले १८६० पासून येथे आश्रयास येऊ लागली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट.

हा जेकब पुढे डॉ. लिव्हिंगस्टन यांच्या चाकरीत आफ्रिकेत गेला. १८७३ च्या मे महिन्यात डॉक्टर वारले तेव्हा सुसी आणि चुमा या जुन्या सेवकांच्या पुढाकाराने सोबत्यांनी त्यांचे हृदय झाडाखाली पुरले. जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर धन्याचे नाव कोरले. मग अनेक महिने पायपीट करून त्या मंडळींनी तो देह किनाऱ्यावर पोहोचविला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीसोबतच्या मानकऱ्यांत जेकब होता. या साऱ्याची त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली रोजनिशी आजही जतन केलेली आहे. चापाजीचे नाव उरले ते त्याने प्राण दिला म्हणून. जेकबचे नाव उरण्यास मुख्यतः एकच गोष्ट कारण झाली: त्याला कोणीतरी लिहायला शिकविले होते, आणि ते नाशकात.

मालिका लिहिणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. दप्तर ज्याचे, कथा त्याची, ही जुनी रीत आहे. शुभवर्तमानातील एक प्रसंग या संदर्भात आठवतो. गेथशेमाने बागेत प्रमुख याजकाच्या दासाचा कान तोडला गेल्याचे चारही शुभवर्तमानकार सांगतात. त्या दासाचे नाव मल्ख होते हे केवळ संत योहान नोंदवितो. एवढ्या काळोखात, एवढ्या गोंधळात त्याला ते नाव टिपून ठेवावेसे वाटले.

वाचकहो, छाटणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या आपल्या द्राक्षबागांत येतात. त्यांची नावे आपल्यापैकी अनेकांना हजेरीच्या वहीतूनच ठाऊक असतात, रोजंदारीच्या आकड्याशेजारी. पेशव्यांच्या कोठीतील कारकुनाने नेमके असेच लिहिले होते. त्या बागाईतदार घरातील मुलीने आमच्यापुढे जो प्रश्न ठेवला, तो या हंगामात आपण आपल्या बांधावर एकदा विचारून पाहावा. उत्तर देणारे माणूस तेथे समोरच उभे आहे.