इन्शुलिनची गोळी का नसते? पेशीतल्या एका वाटेच्या शोधाची गोष्ट



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. गटाची बैठक झाली, हप्ते जमा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले, सगळ्या उठल्या. एक ताई मात्र बसूनच राहिली. तिच्या अकरा वर्षांच्या मुलीला मधुमेह आहे. रोज इन्शुलिनची इंजेक्शनं घ्यावी लागतात. घरातली मोठी माणसं म्हणाली, "सुया टोचून टोचून पोरीची चाळणी झाली. गावात एवढ्या म्हाताऱ्या माणसांना शुगर आहे, ती गोळीवर आहेत. मग हिलाच सुई कशाला?" इंजेक्शन बंद केलं. दोन दिवसांत पोरीला उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. रात्रीच गाडी करून दवाखान्यात न्यावं लागलं. वेळेवर नेलं म्हणून वाचली.

ताईने आम्हाला विचारलं, "तुम्ही शिकलेल्या आहात. सांगा, इन्शुलिनची गोळी का नाही करत?"

आम्ही इतिहास घेऊन बी.ए. केलेलं. आम्हाला उत्तर देता आलं नाही. मग आशाताईंना विचारलं, डॉक्टरांना विचारलं, हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाईंकडून पुस्तकं आणली. वाचता वाचता कळलं की ताईच्या प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. तोच आज सांगतो.

आधी दोन शब्द समजून घेऊ. आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. पेशी इतकी लहान की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक पेशीत प्रथिनं तयार होतात. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा, आणि अमिनो आम्ल म्हणजे त्यातला एकेक मणी. दुधातलं केसीन हे प्रथिन, अन्न पचवणारा रस हेही प्रथिन, आणि इन्शुलिन हेही प्रथिनच. ही तिन्ही पेशीच्या आत तयार होतात, पण त्यांचं काम पेशीच्या बाहेर असतं. मग ती बाहेर जातात कशी?

गोष्ट सुरू होते इटलीत, एका स्वयंपाकघरात. कामिल्लो गॉल्गी नावाचे डॉक्टर मिलान शहराजवळ, बऱ्या न होणाऱ्या रोग्यांच्या दवाखान्यात नोकरीला होते. प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी तिथल्या एका स्वयंपाकघरातच सूक्ष्मदर्शक मांडला. चांदीच्या क्षाराने पेशी काळ्या रंगवायची रीत त्यांनी 1873 मध्ये जगापुढे मांडली. पुढे ते पाविया शहराच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे 1898 मध्ये घुबडाच्या मेंदूतली पेशी पाहताना त्यांना तिच्या आत बारीक जाळीसारखं काहीतरी दिसलं. आज त्यालाच गॉल्गी संकुल म्हणतात. आपल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात हे नाव आहे.

पण लोकांनी ते मानलं नाही. पुष्कळ शास्त्रज्ञ म्हणाले, पेशीत असं काही नाहीच, हा रंगाचा डाग आहे. गॉल्गींना 1906 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं, तेही मज्जासंस्थेच्या कामासाठी. 1926 मध्ये ते वारले, तरी जाळीचा वाद मिटला नव्हता. सूक्ष्मदर्शकाला त्याहून बारीक दिसत नव्हतं, म्हणून कुणी खोडूही शकेना आणि सिद्धही करू शकेना.

वाद मिटायला नवं यंत्र यावं लागलं, ते म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. त्याने पेशी पहिल्यांदा नीट पाहणाऱ्यांत अल्बेर क्लोद होते. हे बेल्जियमचे. सात वर्षांचे असताना त्यांची आई कर्करोगाने गेली. शाळा अर्धी सुटली, पोलादाच्या कारखान्यात काम केलं. पहिल्या महायुद्धानंतर, युद्धात सेवा केलेल्यांसाठी सवलत होती म्हणून त्यांना वैद्यकीय शिक्षण घेता आलं. पुढे ते अमेरिकेत न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेले. डेअरीत दूध गरगर फिरवून मलई वेगळी करतात ना, तसंच पेशी फोडून, यंत्रात फिरवून तिचे जड-हलके भाग ते वेगळे करत. 1945 मध्ये क्लोद आणि कीथ पोर्टर यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून संपूर्ण पेशीचं चित्र छापलं. त्यात लेससारखी जाळी दिसत होती. तिला आपल्या पुस्तकात आंतर्द्रव्यजालिका म्हणतात. नाव अवघड आहे, आपण नुसतं जालिका म्हणू. पातळ पटलांच्या पिशव्या आणि नळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात, ती ही जालिका. 1950 नंतरच्या काही वर्षांत गॉल्गींची जाळीही या यंत्राखाली स्पष्ट दिसली. चपट्या पिशव्या, चपात्यांच्या चळतीसारख्या एकावर एक. गॉल्गी खरे ठरले, पण ते ऐकायला ते नव्हते.

आता पेशीत खोल्या आहेत हे कळलं. पण कोणत्या खोलीत काय चालतं, हे नुसत्या चित्रावरून कळत नव्हतं. ते काम जॉर्ज पलाडी यांनी केलं. ते मूळचे रोमानियाचे, 1946 मध्ये अमेरिकेत आले. जालिकेच्या पटलावर बारीक दाणे असतात हे त्यांनी दाखवलं. त्या दाण्यांना पुढे रायबोझोम नाव पडलं. प्रथिनाची माळ तिथेच ओवली जाते.

मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. आपण कोंबडीच्या पिलांना रंग लावून सोडतो, शेजारणीच्या पिलांत मिसळली तरी ओळखू यावीत म्हणून. तसंच त्यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पेशींना काही मिनिटं किरणोत्सारी मणी दिले आणि नंतर साधे मणी दिले. म्हणजे त्या तेवढ्या मिनिटांत ओवलेल्या माळांनाच खूण झाली. मग ठरावीक वेळाने पाहायचं, खूण कुठे पोचली. तीन मिनिटांनी ती जालिकेत होती. सुमारे वीस मिनिटांनी गॉल्गी संकुलात. दोनेक तासांनी पेशीच्या टोकाशी, बंद पाकिटांत, बाहेर पडायच्या तयारीत. ही 1960 नंतरच्या दशकातली कामं. प्रथिनाची वाट पहिल्यांदा माणसाला दिसली. आपल्या पापडाच्या युनिटमध्ये लाटणं एकीकडे, वाळवणं दुसरीकडे, पाकीट बंद करणं तिसरीकडे, तसंच. जालिकेत माळेला योग्य घडी पडते, गॉल्गीत तिच्यावर पुढचे बदल होतात आणि कुठल्या मालाने कुठे जायचं त्याची वाटणी होते. क्लोद, पलाडी आणि क्रिस्तियाँ द दूव्ह यांना 1974 मध्ये मिळून नोबेल मिळालं.

या कामात बाईमाणूस होतं का, हे आम्ही मुद्दाम शोधलं. होतं. मॅरिलिन फार्कर. पलाडींच्या सहकारी, पुढे त्यांच्याशी लग्नही झालं. पण त्यांचं स्वतःचं काम मोठं आहे. पाजणाऱ्या उंदरीच्या मेंदूखालच्या ग्रंथीत, दूध येण्यासाठी लागणारं एक प्रथिन पाकिटांत भरून ठेवलेलं असतं. पिल्लं बाजूला केली की त्या पाकिटांची गरज उरत नाही. मग पेशी आपलीच भरलेली पाकिटं आतल्या आत मोडून टाकते. हे फार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1966 मध्ये दाखवलं. माल नुसता बनवायचा नसतो, गरज पाहून सोडायचा असतो, हे पेशीलाही कळतं.

एक प्रश्न उरला. हजारो प्रथिनं बनतात. त्यातली कुठली जालिकेत शिरायची, हे कसं ठरतं? गुंटर ब्लोबेल यांनी 1971 मध्ये सहकाऱ्यासोबत एक अंदाज मांडला आणि 1975 पर्यंत तो प्रयोगाने दाखवला. माळेच्या सुरुवातीचे काही मणी म्हणजे तिचा पत्ता, आपल्या पिनकोडसारखा. तो पत्ता असेल तर माळ जालिकेत ओढली जाते, आणि काम झालं की तो तुकडा कापला जातो. त्यांना 1999 मध्ये नोबेल मिळालं.

नंतर रँडी शेकमन आणि त्यांचे विद्यार्थी पीटर नोव्हिक यांनी पाव फुगवणारं यीस्ट घेतलं. थोडं गरम केलं की ज्यांचा माल आतच अडकतो, अशा यीस्टच्या जाती त्यांनी निवडून काढल्या. त्यातून 1980 पर्यंत या वाटेला लागणारी 23 जनुकं सापडली. शेकमन, जेम्स रॉथमन आणि थॉमस सुडॉफ यांना 2013 मध्ये नोबेल मिळालं. पाकिटं कशी सुटतात, बरोबर जागी कशी पोचतात आणि वेळेवर कशी उघडतात, हे त्यांनी उलगडलं.

आता आपल्या ताईच्या मुलीकडे येऊ.

इन्शुलिन स्वादुपिंडातल्या ठरावीक पेशींत बनतं. सुरुवातीला माळ 110 मण्यांची असते. जालिकेत शिरताना पत्त्याचे 24 मणी कापले जातात. उरलेल्या 86 मण्यांना तिथे घडी पडते. मग गॉल्गीतून पुढे पाकिटात गेल्यावर मधला तुकडा कापून निघतो. हा मधला तुकडा असतो हे शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनी 1967 मध्ये दाखवलं. शेवटी राहतात 51 मणी, दोन पदरांत. हे खरं इन्शुलिन. साखर वाढली की पाकिटं उघडतात आणि ते रक्तात जातं.

त्याच स्वादुपिंडातल्या दुसऱ्या पेशी पाचक रस बनवतात. हाच रस पलाडींनी तपासला होता. तो प्रथिनांचे तुकडे करतो. स्वादुपिंडही प्रथिनांचंच आहे. मग रस त्यालाच का खात नाही? कारण तो बंद पाकिटांत आणि झोपलेल्या अवस्थेत असतो. आतड्यात पोचल्यावरच तो जागा होतो.

हेच ताईच्या प्रश्नाचं उत्तर आहे. इन्शुलिनची गोळी गिळली, तर जठरातला आणि आतड्यातला रस तिला डाळीतल्या प्रथिनासारखंच पचवून टाकेल. रक्तात पोचायच्या आधीच मणी सुटे होतील. म्हणून सुई. गोळी करायचे प्रयत्न चालू आहेत, पण आज आपल्या मुलींसाठी सुईच खरी. म्हाताऱ्या माणसांच्या गोळीत इन्शुलिन नसतं. शरीरात थोडंफार इन्शुलिन बनत असेल तरच त्या गोळ्यांचा उपयोग. ताईच्या मुलीच्या बाबतीत इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीच तिच्या शरीराच्या रोगप्रतिकारक शक्तीने चुकून मोडल्यात. गोड खाल्लं म्हणून नाही, आईने काही चुकीचं केलं म्हणूनही नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ताईला सासरी हेच ऐकावं लागलं.

अजून एक. इन्शुलिनची घडी उन्हाने मोडते आणि गोठवलं तरी मोडते. मोडलेली घडी परत बसत नाही, उकडलेलं अंडं परत कच्चं होत नाही तसं. म्हणून बाटली चुलीजवळ, पत्र्याखाली, खिडकीत ठेवायची नाही आणि बर्फाच्या कप्प्यातही नाही. घरी फ्रीज नसेल तर कुठे ठेवायची, हे डॉक्टरांना नक्की विचारा.

आज जगात पुष्कळ इन्शुलिन यीस्टकडून बनवून घेतात. माणसाच्या इन्शुलिनचा आराखडा यीस्टला देतात, आणि यीस्ट आपल्या आतल्या याच वाटेने ते बाहेर सोडतं. आपल्या म्हशीच्या कासेतल्या पेशीही केसीन याच वाटेने दुधात सोडतात. यीस्ट, म्हैस आणि माणूस, तिघांची वाट एकच.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत सांगितलं, वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढून. ताई शेवटपर्यंत ऐकत होती. घरी जाऊन तिने सासूबाईंना समजावलं. आता सुईची वेळ सासूबाईच लक्षात ठेवतात. तुमच्या गटात अशी कुणी आई असेल, तर हे तिला सांगा, आणि तिच्या घरच्यांनाही सांगा. इन्शुलिन कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायचं नाही.